जुळ्यांचं एकच तिकीट

११ मार्च

ताई,

तुझ्या धाकटीसाठी आणलेल्या नळ्यांतला एक तुकडा मी कापून घेतला. नखाएवढाच. आणि काल पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत तो थोरल्या अणुभट्टीच्या पोटात सोडला. कोणाला विचारलं नाही. कुपीवर नाव भलत्याच नमुन्याचं होतं.

झालं सांगून. आता पत्र फाडायचं असेल तर फाड, पण पुढचं तुझ्या कामाचं आहे. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून हा उद्योग. माझं अक्षर तुला माहीत आहे, तेव्हा उजेडात बसून वाच.

आधी इथली हालहवाल. तू निघून गेल्यापासून धाकटी भट्टी तशीच पडून आहे, डोक्यावर झाकण घेऊन. सुरू करायच्या दिवशी तिला आवरून धरणारे सगळे दांडे वर ओढले तरी तिने डोळा उघडला नाही, तो आजतागायत. पुरे साहेबांनी तेव्हापासून एकच पाढा लावलाय, 'बाईंचं गणित चुकलं.' येईल त्याला ऐकवतात. परवा दूधवाल्याला ऐकवत होते. तो बिचारा म्हणाला, होतं साहेब, आमचंही चुकतं. आणि आता समिती बसलीय. साहेबांचं म्हणणं, धाकटी उघडायची, सुटी करायची, नळ्या भंगारात घालायच्या आणि अहवालात लिहायचं की 'आकडेमोड सदोष'. सदोष म्हणजे काय ते मी विचारून आलो. चुकीची. एवढं नटूनथटून शिवी द्यायची कशाला, मला कळत नाही.

भोंग्याबद्दल मी परत माफी मागत नाहीये. मागून झालीय, तुझ्या बंद दाराबाहेर उभं राहून. एकच सांगतो, जे तू ऐकून घेतलं नाहीस. तो भोंगा त्या दिवशी मी पॅनेलमागे बसवला होता तुझ्या आनंदासाठी. खूण ठरवली होती की तू हात वर केलास की दोरी ओढायची. तू हात वर केलास 'थांबा' म्हणायला. मला काय माहीत, मी पॅनेलच्या मागे होतो. सगळे हसले ते भोंग्याला हसले ताई, तुला नाही. पण तू पाठमोरी होतीस, तुला फक्त हसणं ऐकू गेलं.

असो. कालचं ऐक.

समितीच्या लोकांना साहेबांनी ससा दाखवायचं ठरवलं. तुला सांगायला नको, पण तुझी खोलीवरची मैत्रीण चोरून वाचणार असेल तर तिला कळावं म्हणून सांगतो. ससा म्हणजे आमची ती प्लास्टिकची कुपी. तिच्यात नमुना भरायचा, कुपी नळात टाकायची, हवेच्या झोतावर ती सुर्रकन भट्टीत जाते, थोडा वेळ न्यूट्रॉनचा मार खाते आणि सुर्रकन परत येते. मग मोजणीयंत्रासमोर ठेवली की पडद्यावर सुळके उभे राहतात. आत ज्याने ज्याने मार खाल्ला तो तो बोंबलतो, आणि प्रत्येकाची बोंबलायची जागा ठरलेली. जागा बघायची आणि ओळखायचं, कोण आहे ते.

साहेबांचा नेहमीचा नमुना म्हणजे ॲल्युमिनियमचा कागद. कधी दगा देत नाही. एकच सुळका येतो, साहेब त्याच्यावर छडी टेकतात आणि म्हणतात, "पाहिलंत? पदार्थ खोटं बोलत नाही."

मला त्यांना कोरा पडदा दाखवायचा होता. बस, एवढाच बेत. तूच सांगितलं होतंस ना, जेवताना, चमचा हवेत धरून, की झिर्कोनियम म्हणजे पुढचं-मागचं दार उघडं असलेलं घर? न्यूट्रॉन येतो, जातो, कोणी त्याला 'बस' म्हणत नाही. म्हणून तर इंधनाच्या नळ्या त्याच्या करायच्या. म्हटलं, झालं तर मग. भांडारात शिल्लक राहिलेल्या तुझ्या नळ्यांची भंगारासाठी मोळी बांधायचं काम माझ्याकडेच आलं होतं. कटर फिरवला, तुकडा खिशात, आणि पाहुणे यायच्या आधी कुपीतला कागद बाहेर, तुकडा आत. साहेब छडी टेकणार आणि समोर सपाट मैदान. पाहिलंत? काय पाहिलंत, कप्पाळ.

कुपी गेली, आली, मोजणीबाईंनी यंत्रासमोर ठेवली. आणि ताई, सुळका आला. ॲल्युमिनियमच्या जागेवर नाही, पार डावीकडे, दोनशे चौदाच्या घरात. सुरुवातीला धडाधड चढला, मग दमल्यासारखा हळू झाला. ताडमाड.

साहेबांनी सवयीने छडी ॲल्युमिनियमच्या जागी टेकली. "पाहिलंत?"

समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर आहेत, काठी घेऊन चालतात. त्या म्हणाल्या, "मी पाहतेय. तुम्ही कुठे पाहताय?"

साहेबांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "यंत्र बिघडलंय," म्हणाले. "पुरे."

पाहुणे चहाला गेले. मोजणीबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि माझा कान धरला.

"काय घातलंस?"

"ॲल्युमिनियम."

"भुंग्या, तुला दात यायच्या आधीपासून मी हे सुळके बघतेय. काय घातलंस?"

"धाकटीची नळी."

त्यांनी कान सोडला. खुर्चीत बसल्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "झिर्कोनियम इथे बोंबलत नाही बाळा. इथे हॅफ्नियम बोंबलतं."

मी विचारलं, हे कोण पाहुणे? तर म्हणाल्या, झिर्कोनियमचा जुळा. खाणीतून निघतात तेच एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. दिसायला सारखे, वागायला सारखे, ओळखू येत नाहीत. फरक एकच. झिर्कोनियम न्यूट्रॉनला जाऊ देतो आणि हॅफ्नियम हावरट, दिसेल तेवढा गिळतो. भट्टीसाठी नळ्या करायच्या तर आधी त्याला वेचून वेचून बाहेर काढावं लागतं.

"आणि नाही काढला तर?"

"तर सगळे दांडे वर ओढा नाहीतर छपरापर्यंत न्या," त्या म्हणाल्या, "भट्टी पेटणार नाही."

ताई, आलं ना लक्षात? तुझे न्यूट्रॉन कोणीतरी आत बसून खात होतं. माझ्यासारख्याला कळलं तर तुला अर्ध्या वाक्यातच कळलं असेल.

तुझा
भुंगा

ता. क. कान अजून दुखतोय.


१५ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्रपेटी रिकामी बघून आई म्हणाली, टपाल हल्ली उशिराच येतं. तिला वाटतं मला नोकरीचं पत्र येणार आहे. येणारही असेल, पण जाण्याचं.

घोडं पेंड कुठे खातंय ते सांगतो. सुळका आला खरा, पण कागदोपत्री तो ॲल्युमिनियमचा सुळका. ॲल्युमिनियमला हॅफ्नियमच्या जागी सुळका आला म्हणजे यंत्र बिघडलं, साहेबांचं म्हणणं तिथे अगदी रास्त. कुपीत तुझी नळी होती हे जगात दोघांना माहीत, मला आणि मोजणीबाईंना.

मी म्हटलं, बाई, तुम्ही परत करा ना गुपचूप.

"कशाचं करू? नमुना कुठून आला ते मला लिहावं लागतं. चोरून आणला असं लिहू?"

"भांडारातून रीतसर मागवा."

"भांडाराला कुलूप. किल्ली साहेबांच्या खिशात. जा, माग."

गेलो. दारात उभा राहिलो. साहेब अहवालच लिहीत होते. म्हटलं, "साहेब, तो परवाचा नमुना..."

"पुरे."

"नाही साहेब, त्या कुपीत..."

"यंत्र दुरुस्तीला सांगितलंय. पुरे म्हटलं ना."

बाहेर आलो. बाहेरच्या शिपाईकाकांनी सहानुभूतीने विचारलं, "किती वेळा?" म्हटलं, दोनदा. ते म्हणाले, "मग तुझ्यावर खूश दिसतात."

आता सोमवारी समितीची शेवटची बैठक. त्यात मंजूर झालं की मंगळवारपासून धाकटीचे नट ढिले करायला घेणार, नळ्या भंगारवाल्याकडे, आणि तुझ्या नावापुढे तो नटवा शब्द कायमचा. नळ्या गेल्या की तपासायला काहीच उरणार नाही. मग मी छपरावर चढून ओरडलो तरी उपयोग शून्य.

आणि बोललो तर काय? नळी कापली, नमुना बदलला, पाहुण्यांसमोर संस्थेचं हसं केलं. यातल्या एकाने नोकरी जाते, मी तिन्ही करून बसलोय. ही नोकरी लागली तेव्हा तू साहेबांना सांगितलं होतंस, 'याची हमी मी घेते.' दहावी तीनदा दिलेल्याची हमी कोण घेतं? तेव्हा हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, माझ्या चुकीने तुझीच हमी खोटी पडणार.

आईला आडून विचारलं. म्हटलं, आई, समज एखाद्याने चांगल्या हेतूने...

"काय फोडलंस?" आई म्हणाली.

तू काहीतरी सांग. एक ओळ सांग. नाहीतर शिवी दे, त्यातूनही मला कळेल.

भुंगा


१९ मार्च

ताई,

तुझी ओळ आली नाही. म्हणून मला माझ्याच डोक्याने चालावं लागलं. जे झालं त्याला तीही जबाबदार समज.

सोमवारी बैठकीत मोजणीबाईंना बोलावलं होतं, यंत्राचा बिघाड काय ते सांगायला. मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि दाराबाहेर भिंतीला चिकटून उभा राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेब म्हणाले, "सांगा बाई, काय बिघडलं होतं."

"काही नाही. यंत्र ठणठणीत आहे. नमुना बदललेला होता."

"कोणी बदलला?"

"बदलणारा बाहेर उभा आहे. मघापासून स्वतःला ढकलतोय, पण आत सरकत नाहीये."

मग काय, सरकलो. टेबल एवढं लांब की शेवटचा माणूस लहान दिसत होता. अध्यक्षबाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली होती.

"तू कोण?"

"भुंगा."

"नाव विचारलं मी."

"कागदावर दुसरं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर मी वळत नाही."

"बरं. काय केलंस?"

सांगितलं. कटरपासून कुपीपर्यंत सगळं. एक गृहस्थ लिहून घेत होते, त्यांचं पेन मध्येच थांबलं.

"का केलंस?" बाईंनी विचारलं.

ताई, या प्रश्नाचं उत्तर मी घोकून गेलो होतो. 'मला नळ्यांविषयी शंका आली म्हणून.' कसं भारदस्त, शास्त्रज्ञासारखं. पण बाई अशा बघत होत्या की तोंडातून निघालं, "साहेबांची फजिती करायला."

कोणीतरी खोकलं. साहेब उठून उभे राहिले. "ऐकलंत? बहिणीसाठी सूड उगवतोय. आणि आपण याच्या शब्दावर धाकट्या भट्टीचा निर्णय... पुरे."

"पुरे कधी ते मी ठरवते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बसा. भुंग्या, कुपीत झिर्कोनियम घातलं तर काय दिसायला हवं होतं?"

"काही नाही. सपाट मैदान."

"कोणी सांगितलं?"

"ताईने."

"आणि निघाला सुळका. मग तुझी ताई चुकली असं नाही आलं मनात?"

"नाही."

"का? बहीण म्हणून?"

"नाही बाई. ताई चुकली की आधी स्वतःच सांगते. आमटीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगून मोकळी होते. धाकटी पेटली नाही त्या दिवशी ती 'चुकलं' म्हणाली नाही. ती म्हणाली, 'कळत नाही.' मी पॅनेलच्या मागे होतो, मी ऐकलंय. साहेबांनी ते 'चुकलं' असं धरलं. आमच्या घरी हे दोन वेगळे शब्द आहेत."

अध्यक्षबाई साहेबांकडे वळल्या. "त्या 'कळत नाही' म्हणाल्या होत्या?"

साहेब म्हणाले, "असं काहीसं म्हणाल्या होत्या."

"मग आपण इतके दिवस काय कळून घेतलं?"

साहेब या वेळी 'पुरे' पण म्हणाले नाहीत.

बाई उठल्या. "चला भांडारात. किल्ली?"

सगळी वरात निघाली, पुढे काठीची टकटक, मागे समिती, त्यामागे मी. बाईंनी मोळीतल्या तीन नळ्यांना काठी लावली, ही, ही आणि ती खालची. कापल्या वर्कशॉपच्या मिस्तरींनी. मोजणीबाईंनी हातमोजे घालून चिमट्याने तुकडे धुतले, कुपीत भरले. मी मदतीला हात पुढे केला तर हातावर चापट. बोट लागलं की घामातलं मीठ बोंबलत बसतं, आणि त्या दिवशी माझ्या हाताला घाम म्हणजे नळ सुटला होता.

पहिली कुपी. सुर्रकन गेली, आली. सुळका, दोनशे चौदा.

दुसरी. सुळका.

तिसरी गेली तेव्हा लिहिणारे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे होते, आणि खरं सांगतो, ते पुटपुटत होते, "ये, ये." आली. हा तर आधीच्या दोघांपेक्षा उंच.

मग मोजणीबाईंनी आपल्या कपाटातून एक तुकडा काढला. वेचून शुद्ध केलेलं झिर्कोनियम, खात्रीचं, तुलनेसाठी जपून ठेवलेलं. तेही पाठवलं. आलं. आणि पडदा कोरा. सपाट, शांत, पार क्षितिजापर्यंत मैदान. मला वाटलं, याच्यात चटई टाकून पडावं.

"तुझ्या ताईने सांगितलं होतं ते हे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

म्हटलं, "हेच. उघड्या दाराचं घर."

खरेदीवाल्या काकांना बोलावलं. ते घाबरून धावत आले. "बाई, नव्व्याण्णव टक्के शुद्ध लिहून दिलंय त्यांनी. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"खोटं नाही लिहिलं," मोजणीबाई म्हणाल्या. "बाजारात या दोघांना एकत्रच मोजतात. जुळ्यांना एकच तिकीट. ॲसिडच्या कारखान्याला चालतं, तिथे कुठे न्यूट्रॉन असतात. भट्टीसाठी मागताना हावरट काढून द्या असं वेगळं सांगावं लागतं."

काका हळूच म्हणाले, "मी विचारलं होतं, कुठलं मागवू. मला सांगितलं, झिर्कोनियम म्हणजे झिर्कोनियम."

पुढचा शब्द काकांनी उच्चारला नाही. सगळ्यांना तो ऐकू आला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता माझ्यावर घसरतील. ते म्हणाले, "बाईंना पत्र मी लिहितो. माझ्या हाताने." ताई, मी त्यांची फजिती करायला निघालो होतो ना? ती झाली तेव्हा मला तितकी मजा आली नाही. थोडी आली. खोटं कशाला बोलू.

अध्यक्षबाईंनी अहवाल मागवला. "तो शब्द काढा."

"सदोष?" लिहिणारे गृहस्थ म्हणाले.

"तोच. तिथे लिहा, गणित बरोबर, नळ्या हावरट."

"हावरट असंच लिहू?"

"लिहा. वाचणाऱ्याला कळेल."

तुझं गणित बरोबर होतं, ताई. अहवालात लिहिलंय. शिक्का मारलाय. मी शिक्का ओला असताना बघितलाय.

नोकरी गेली नाही. पण शिक्षा झाली आणि रीतसर झाली. एक वर्ष सशाला हात लावायचा नाही, आणि नियंत्रण कक्षाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. मी तळघरातल्या गोदामात, हातमोजे आणि बूट वाटायला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "काम चांगलं निघालं म्हणून खोडी चांगली ठरत नाही." मी म्हटलं, पण बाई, खोडी नसती तर... त्यांनी काठी नुसती उचलली. मी गोदामाकडे निघालो.

भुंगा


२ जून

ताई,

म्हणजे आता तुला मोठ्या बाई म्हणायचं. ऑर्डर फळ्यावर लागली, मी गोदामातून वर येऊन वाचली आणि परत खाली जाऊन बुटांच्या ढिगावर उताणा पडलो. साहेबांना वरच्या कार्यालयात धाडलं. तिथे त्यांच्यासारखं बोलणाऱ्यांची गरज असते म्हणतात.

तू येऊन आठवडा झाला. आईकडे जेवून गेलीस, मी नेमका दुपारपाळीला. ती म्हणते तू दोन वेळा भात घेतलास आणि माझी चौकशी केली नाहीस. दुसरं मला पटलं. पहिलं आई सांगते म्हणून.

नव्या नळ्या आल्या. ट्रकमधून उतरवल्या मी, तेवढी परवानगी आहे. मोजणीबाईंनी प्रत्येक खोक्यातला तुकडा तपासला. खाली निरोप पाठवला, 'मैदानच मैदान.'

हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. पाच जिन्यांचं टपाल.

भुंगा


२७ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र मोठ्या बाईंना नाही. तुला आहे. मोठ्या बाईंच्या टेबलावर उघडलं असशील तर आधी घरी घेऊन जा आणि मग वाच. थांबतो मी.

काल सकाळी अध्यक्षबाईंची गाडी आली तेव्हा मी फाटकापाशी पांढरे डगले आणि टोप्या वाटत होतो. बाई उतरल्या, माझ्याकडे बघितलं आणि काठी गाडीतच ठेवून दार लावलं.

"माझ्या काठीला तडा गेलाय," त्या म्हणाल्या. "आज मला माणसाचा आधार लागेल. एक डगला तूही घाल. तोंडालाही बांध काहीतरी."

"बाई, मला आत..."

"तुला कोणी विचारलं? काठी कुठे न्यायची ते काठी ठरवते का?"

आता मला सांग, समितीच्या अध्यक्षांचा हुकूम मोडायचा की शिक्षेचा? दोन्ही त्यांचेच. जो नवा होता तो मी मोडला नाही.

म्हणून मी होतो, ताई. मागच्या रांगेत, खांबाजवळ, बाईंचा हात माझ्या खांद्यावर. टोपी भुवयांपर्यंत, तोंडावर मुखपट्टी. मोजणीबाईंनी मला बघितलं आणि विणकामात इतकं डोकं घातलं की लोकर नाकाला लागली.

तू समोर उभी होतीस. दांडे हळूहळू वर यायला लागले. ते मोजणीचं टिक टिक सुरू होतं. एक दांडा वर, थांबा, टिकटिक जरा वाढली. पुन्हा वर, थांबा. तू प्रत्येक वेळी आकडा विचारायचीस, आपला कागद बघायचीस, मान हलवायचीस. घाई नाही. भाजी निवडतेस तशी.

अर्ध्यावर आले. तुझ्या आकड्यावर. तू म्हणालीस, "हात काढा."

सगळ्यांनी हात काढले. दांड्याला कोणी शिवत नाही, कोणी काही ओढत नाही, आणि टिकटिक वाढतेय. आपण होऊन. टिकटिकचं तडतड झालं, तडतडीचं अखंड एकच सूत झालं, आणि पडद्यावरची रेघ कोणाच्या बापाला न विचारता वर निघाली. सरळ, तिरकी, शहाण्यासारखी. गिळणारं कोणी उरलं नव्हतं आत.

तू म्हणालीस, "चालली."

एवढंच. मग जो गलका झाला. खरेदीवाले काका मिस्तरींच्या गळ्यात पडले. लिहिणाऱ्या गृहस्थांनी टोपी काढून हवेत फेकली, ती दिव्यावर अडकली आणि तिथेच आहे अजून. मी ओरडू शकत नव्हतो. मी मुखपट्टीच्या आत ओठ चावून उभा राहिलो आणि अध्यक्षबाईंनी माझा खांदा इतका आवळला की आज वळ आहे. मला वाटलं आपण सगळेच अर्धा हात वर उचलले गेलोय. तुझी धाकटी, ताई. लोक म्हणत होते भंगारात घाला. काय सूर लागला होता तिचा.

आणि मग तू पाहुण्यांना भेटत भेटत मागे आलीस. अध्यक्षबाईंचा हात हातात घेतलास. मी खांबाकडे तोंड करून नियमावली वाचायला लागलो. आगीच्या वेळी काय करावे.

तू म्हणालीस, "बाई, नवी काठी का? जरा वाकडी दिसतेय."

बाई म्हणाल्या, "वाकडीच आहे. पण भार घेते."

"अस्सं," तू म्हणालीस, आणि गेलीस.

ताई, कालपासून माझ्या डोक्यात एवढंच फिरतंय की तू ओळखलंस का? 'अस्सं' तू दोन तऱ्हांनी म्हणतेस, लहानपणापासून. ओळखल्यावरचं आणि न ओळखल्यावरचं. टोपी कानांवर असल्यामुळे मला सूर नीट ऐकू आला नाही.

ओळखलं नसशील, तर आता कळलं. ओळखलं असशील, तर ओळखलं नव्हतंस असं कर. वर्ष संपायला थोडेच महिने राहिलेत गं. मोठ्या बाई नियमाला पक्क्या आहेत, सगळं गोदाम सांगतं, त्यांना कळलं की माझं पुन्हा पहिल्यापासून हातमोजे आणि बूट. त्यांना तू काही बोलू नकोस. एका खुर्चीवर बसता म्हणून सगळंच सांगायला हवं असं नाही. अध्यक्षबाईंकडे विषय काढू नकोस, त्या म्हणतील कोणती काठी. मोजणीबाईंकडे बघून हसूही नकोस, त्यांना लगेच फुटतं. आणि आईला तर मुळीच नको. ती आनंदाच्या भरात अख्ख्या गल्लीला सांगेल की माझी दोन्ही पोरं आत होती.

मी होतो, हे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं. फक्त तुला. पाया पडतो ताई, कोणाला सांगू नकोस.

भुंगा